प्रवरेकाठची पांढरी

खेड्यातील वृद्ध माणसे जमिनीचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलींची राख, सारवणाचे पोपडे, पडलेल्या भिंतींची माती शतकानुशतके एकावर एक साचून तिला पांढुरका रंग येतो. गाव उठून गेले, तरी पांढरीचे टेकाड मागे उरते.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी अशी टेकाडे आहेत. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०–५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीची, काळ्या रेघांनी रंगविलेली तांबडी मडकी निघाली. ती इतकी पक्की भाजलेली आहेत, की टिचकी मारताच धातूसारखा नाद उमटतो. ज्ञानेश्वरांमुळे सर्वांस ठाऊक असलेल्या नेवाशातही तशीच मडकी सापडली. त्या काळी मृत बालकास दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईबापांस ते लेकरू दूर ठेववले नसावे! नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीमधील धागाही टिकला होता. तो सूत व रेशीम यांचा निघाला.

याच नदीकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९७४ साली तेथील एका शेतकऱ्यास झाडाची मुळे खणताना चार जड मूर्ती लाभल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. रथात सारथी उभा आहे. पुढे दांडीवर एक कुत्राही आहे. चौघांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक भरले.

मात्र या मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननात निघाल्या नाहीत. उत्खननात प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कोणत्या मडक्यांच्या सोबतीने पडली होती, याची नोंद होते. तीवरून काळ ठरतो. येथे ती नोंदच नाही. कोणी त्या मूर्ती हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातील मानतात. कोणी धातूतील सोमलाचे प्रमाण दाखवून ते मत खोडतात.

पांढरीची माती पिकास मानवते, म्हणून कित्येक गावांतून ती गाड्या भरभरून शेतांत नेली गेली. मडक्यांची खापरे त्या शेतांत नांगराच्या फाळाला अजून लागतात. परंतु ती कोणत्या थरातील, हे त्यांवरून आता सांगता येत नाही.