मार्लोचा अभ्यास : अर्धें वाक्य आणि पुरें वाक्य

इंग्रजी नाटकाची गोष्ट निघाली कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं शेक्सपिअर हें एकच नांव येतें, आणि तें साहजिकही आहे. आगरकरांनीं 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिलें, देवलांनीं 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचिलें, आणि तेव्हांपासून हा परदेशचा कवि मराठी वाचकास घरच्यासारखा झाला. परंतु ज्या वर्षीं शेक्सपिअर जन्मास आला त्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १५६४ मध्यें, इंग्लंडांतील कँटरबरी शहरीं एका जोडे करणाऱ्या कारागिराच्या घरीं आणखी एक नाटककार जन्मला. त्याची ओळख मात्र आपल्याकडे फार थोड्यांस असते. त्याचें नांव ख्रिस्तोफर मार्लो. शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ एप्रिलची आहे, मार्लोच्या बाप्तिस्म्याची २६ फेब्रुवारीची. दोघांत अंतर काय तें दोन महिन्यांचें. मार्लो २९ वर्षांचा असतांना मारला गेला. शेक्सपिअरही त्याच सुमारास मेला असता तर 'हॅम्लेट', 'लिअर', 'मॅकबेथ' यांपैकीं एकही नाटक आज जगांत नसतें. ही गोष्ट अभ्यासाच्या आरंभींच ध्यानांत धरावी, म्हणजे दोघांची तुलना करितांना अन्याय होत नाहीं.

'डॉक्टर फॉस्टस' हें मार्लोचें नाटक आम्ही वरच्या वर्गांत वाचावयास घेतों, तेव्हां कांहीं पालक आम्हांस विचारतात : "मास्तर, हा गृहस्थ देवास न मानणारा, दारूच्या गुत्त्यांत भांडून मेलेला, त्याचें लिखाण मुलांच्या हातीं कां देतां?" प्रश्न रास्त आहे. मुलाच्या हातीं काय जातें हें डोळ्यांत तेल घालून पाहणारा बाप सर्वच मुलांस लाभत नाहीं. परंतु त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं. मार्लोविषयीं काय ठाऊक आहे, आणि तें कोणाच्या तोंडून ठाऊक आहे, हें आधीं पाहावें लागतें.

बाप जॉन मार्लो कांहीं श्रीमंत नव्हता. मुलगा कँटरबरीच्या किंग्ज स्कूलमध्यें शिष्यवृत्तीवर शिकला, आणि १५८० च्या अखेरीस केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजांत गेला तोही शिष्यवृत्तीवरच. ती आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनीं ठेविलेली होती, आणि जो पुढें धर्मोपदेशक होणार असेल त्यास ती ६ वर्षें मिळे. दर आठवड्यास एक शिलिंग, आणि तोही कॉलेजांत हजर असेल त्याच आठवड्याचा! कॉलेजचे हे हिशेब व कोठाराचें खर्चाचें पुस्तक अद्यापि राहिलें आहे. त्यांवरून असें दिसतें कीं, मार्लो पुढें पुढें पुष्कळ आठवडे गैरहजर राहूं लागला, आणि परत आल्यावर शिष्यवृत्तींत न बसणारा खर्च खाण्यापिण्यावर करूं लागला. हा पैसा कोठून आला? १५८७ मध्यें त्याची एम. ए. ची पदवी अडली. तो फ्रान्सांतील रीम्स येथें, कॅथॉलिक पंथाच्या इंग्रजांनीं चालविलेल्या विद्यालयांत, जाणार अशी वदंता उठली होती, आणि त्या काळच्या इंग्लंडांत ही गोष्ट फार गंभीर मानली जाई. तेव्हां राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलनें विद्यापीठास कळविलें कीं, वदंता खोटी आहे, ह्या तरुणानें राणीची चांगली सेवा केली आहे, त्यास पदवी मिळावी. सेवा कोणती तें पत्रांत नाहीं. तो सरकारचा गुप्त हेर असावा, असा तर्क पुष्कळ अभ्यासक करितात. तर्क बळकट आहे. पण तो तर्क आहे. विद्यार्थ्यांनीं वहींत लिहितांना 'होता' आणि 'असावा' ह्या दोन शब्दांतला भेद राखावा. चरित्राच्या अभ्यासाचें निम्मे काम तेवढ्यानें होतें.

मार्लोचें म्हणून पुस्तकांत जें चित्र छापतात त्याचीही तीच कथा. तें १९५० नंतर त्याच कॉलेजांत सांपडलें. त्यावर १५८५ हें साल व चित्रांतील तरुणाचें वय २१ असें लिहिलेलें आहे. साल जुळतें, वय जुळतें. नांव मात्र कोठेंही नाहीं. केंब्रिजमध्यें त्या वर्षीं त्या वयाचे तरुण काय थोडे होते!

मृत्यूची हकीकत याहून विचित्र. ३० मे १५९३ रोजीं लंडनजवळ डेप्टफर्ड येथें मार्लो मारला गेला. १५९७ मध्यें थॉमस बिअर्ड नांवाच्या ग्रंथकारानें ती गोष्ट नास्तिकास ईश्वरानें केलेली शिक्षा म्हणून छापली. पुढल्याच वर्षीं फ्रान्सिस मिअरिझनें लिहिलें कीं, प्रेमाच्या भानगडींतल्या एका प्रतिस्पर्ध्यानें त्यास भोसकलें. डेप्टफर्डच्या चर्चमधील दफनाच्या नोंदींत मारणाऱ्याचें आडनांव 'फ्रीझर' असें होतें. एकोणिसाव्या शतकांत तें कोणीं 'आर्चर' असें वाचलें, आणि कित्येक वर्षें पंडितांच्या पुस्तकांतून हा कधींच नसलेला आर्चर मार्लोचा खून करीत राहिला. अखेर १९२५ मध्यें लेस्ली हॉटसन ह्या संशोधकानें लंडनच्या सरकारी दप्तरांतून कॉरोनरच्या चौकशीचा मूळ लॅटिन कागद शोधून प्रसिद्ध केला. एलिनॉर बुल नांवाच्या विधवेच्या घरीं चार माणसें सकाळपासून होतीं. रात्रीच्या जेवणानंतर पैसे कोणीं द्यावयाचे यावरून तंटा झाला. मार्लोनें इनग्रॅम फ्रायझर याचाच खंजीर हिसकून त्याजवर वार केला, आणि झटापटींत तो खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर दोन इंच खोल गेला. १६ पंचांनीं ही हकीकत खरी धरिली, व महिन्याच्या आंत फ्रायझर यास माफी मिळाली. पालकांनीं ऐकलेला गुत्ता ह्या कागदांत नाहीं. आहे तें एका विधवेचें घर.

पण कागद सांपडला म्हणजे सत्य सांपडलें असेंही नव्हे. खोलींत मार्लो व फ्रायझर यांखेरीज दोघेच होते, स्कीअर्स व पोली. आणि त्यांतला पोली हा सरकारच्या हेरखात्यांतला माणूस होता. मृत्यूच्या दहाच दिवस आधीं मार्लोला प्रिव्ही कौन्सिलपुढें हजर व्हावें लागलें होतें. नास्तिकपणाचा जो आरोप त्याच्या नांवाला कायमचा चिकटला त्याचे मुख्य साक्षीदार दोन : रिचर्ड बेन्स नांवाचा एक खबऱ्या, आणि नाटककार थॉमस किड. ह्या किडला छळ सोसावा लागला होता, आणि स्वतःच्या खोलींत सांपडलेले कागद मार्लोचे आहेत असें तो सांगत होता. मार्लो सत्पुरुष होता असें आम्ही म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. परंतु आरोप करणारे बोलले आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याचा जबाब आपल्यापर्यंत आलाच नाहीं, एवढें तरी मुलांस कळलें पाहिजे. न्यायाच्या कचेरींत ज्याला निम्मी सुनावणी म्हणतील तिच्यावर चार शतकें एका मनुष्याचें नांव चाललें आहे.

आतां नाटकांकडे वळूं. 'टॅम्बरलेन' हें दोन भागांचें नाटक १५९० मध्यें छापलें गेलें, तें कर्त्याच्या नांवावांचून. त्याचा नायक म्हणजे आपल्या इतिहासांत १३९८ सालीं दिल्ली लुटणारा तैमूरलंग; बाबर याच्याच वंशांतला. मार्लोचा तैमूर मेंढपाळ असतो, आणि पुढें तुर्कांच्या सुलतानाला पिंजऱ्यांत घालून मिरवितो. त्यांत करुणा शोधूं नये. शोधावयाची ती भाषेची गति. ओळींच्या शेवटीं यमक न जुळवितां, केवळ आघातांच्या लयीवर चालणारें पद्य इंग्रजी रंगभूमीवर पूर्वीही आलें होतें, पण तें लंगडत चाले. मार्लोनें त्याला धांवावयास शिकविलें, आणि शेक्सपिअर पुढें त्याच वाटेनें गेला. 'दुसरा एडवर्ड' हें त्याचें बांधेसूद नाटक कॉलेजांत गेल्यावर अवश्य वाचावें. 'माल्टाचा ज्यू' मात्र त्या काळच्या यहुदीद्वेषानें भरलेलें आहे. तें शिक्षकावांचून वाचूं नये असें आमचें मत आहे.

'फॉस्टस'वर आम्ही सर्वांत अधिक वेळ घालवितों. मूळ कथा जर्मनींतली. १५८७ मध्यें फ्रँकफर्ट येथें ती छापली गेली, व तिच्या इंग्रजी भाषांतरावरून मार्लोनें नाटक केलें. फॉस्टस हाही साध्या घरांत जन्मलेला, विद्येच्या बळावर वर आलेला, आणि विटेनबर्ग येथें, जेथें ल्यूथर शिकवीत असे, ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर झालेला. पडदा उघडतो तेव्हां तो पुस्तकांच्या राशींत बसला आहे. तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, एकेक पुस्तक तो हातीं घेतो व टाकितो. शेवटीं पवित्र शास्त्र उघडतो आणि दोन वचनें वाचतो. पहिल्यांत पापाचें वेतन मरण असें आहे. दुसऱ्यांत आम्हांमध्यें पाप नाहीं असें म्हणणारा स्वतःस फसवितो असें आहे. यावरून तो अनुमान काढितो : पाप चुकत नाहीं, म्हणून मरण चुकत नाहीं, जें व्हावयाचें तें होणारच. आणि पुस्तक मिटून जादूकडे वळतो.

येथें आम्ही नाटक थांबवितों. फळ्यावर फक्त दोन स्थळें लिहितों, रोमकरांस पत्र ६ : २३ आणि योहानाचें पहिलें पत्र १ : ८, ९, आणि मुलांस स्वतः पाहावयास सांगतों. पहिलें वाक्य फॉस्टसनें अर्ध्यावर तोडिलें आहे. उरलेल्या अर्ध्यांत देवाच्या कृपादानाची व सार्वकालिक जीवनाची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या लगत पुढल्याच वचनांत, पाप कबूल करणाऱ्यास क्षमा आहे असें सांगितलें आहे. मुलांच्या हें ध्यानांत येतें तेव्हां वर्गांत जी शांतता पसरते ती कोणत्याही नोट्स वाचून पसरत नाहीं. मग वाद सुरू होतो. ईश्वरविज्ञानाच्या डॉक्टराला पुढचें वाक्य ठाऊक नव्हतें काय? ठाऊक असून त्यानें सोडिलें काय? कां मन आधींच ठरलें होतें, आणि पुस्तक केवळ साक्षीस बोलाविलें होतें?

ह्या वादाला मूळ ग्रंथाचीच एक अडचण उपयोगी पडते. नाटकाच्या दोन निरनिराळ्या प्रती आहेत, १६०४ ची आखूड व १६१६ ची लांब. दोन्ही मार्लोच्या मृत्यूनंतर छापलेल्या. १६०२ मध्यें नाटकगृहाचा मालक हेन्सलो यानें बर्ड व रोली ह्या दोघांस नाटकांत भर घालण्याबद्दल ४ पौंड दिल्याची नोंद त्याच्या हिशेबाच्या वहींत आहे. लांब प्रतींत शेवटीं सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस फॉस्टसला सांगतो कीं, तूं शास्त्र वाचीत होतास तेव्हां पानें मीच उलटलीं व तुझी दृष्टि मीच नेली. आखूड प्रतींत हें भाषण नाहीं. तेथें अर्धें वाचण्याचा दोष सर्वस्वी फॉस्टसचा राहतो. आणखी एक शब्द पाहा. पश्चात्तापास उशीर कधींच होत नाहीं असें सद्दूत सांगतो, तेथें एका प्रतींत अट आहे फॉस्टस पश्चात्ताप करूं 'शकेल' तर, दुसरींत करूं 'इच्छील' तर. एका क्रियापदाच्या फरकानें मनुष्य असहाय ठरतो किंवा जबाबदार ठरतो. कोणता शब्द मार्लोचा, हें आम्ही वर्गांत ठरवीत नाहीं; मात्र जो विद्यार्थी आपला पक्ष नाटकांतील दुसऱ्या प्रसंगांनीं सिद्ध करितो त्यास गुण अधिक देतों.

मधला भाग थट्टामस्करीचा आहे, आणि तो टाकूं नये. २४ वर्षांच्या सत्तेसाठीं आत्मा विकून फॉस्टसनें मिळविलें काय? पोपच्या ताटांतलें अन्न पळविलें, घोड्याच्या व्यापाऱ्यास पाण्यांत शिरतांच गवत होणारा घोडा विकला, आणि एका गरोदर डचेसला जानेवारींत द्राक्षें आणून दिलीं. इकडे हिवाळा असतां हिंदुस्थानासारख्या देशांत उन्हाळा असतो, तेथून आणविलीं, असा त्याचा खुलासा आहे. भूगोल चुकला आहे हें आमच्या सातवीच्या मुलासही कळेल. मात्र द्राक्षांचा हंगाम, नाशिककडील विद्यार्थी साक्ष देतील, अगदींच चुकलेला नाहीं! जगाचें राज्य मागणाऱ्याच्या हातीं अखेर द्राक्षांचा एक घोंस उरला, हें मार्लो हंसत हंसत दाखवितो.

शेवटचा तास मोठ्यानेंच वाचावा. आम्ही एका मुलास घंटेपाशीं उभा करितों. अकराचे ठोके पडले कीं वाचणाऱ्यानें आरंभ करावयाचा. सुमारे ३० ओळी झाल्या कीं अर्ध्या तासाचा ठोका, आणि त्यानंतर सुमारे २० च ओळींत बारा. पहिल्यापेक्षां दुसरा अर्धा तास आखूड केला आहे हें समजावून सांगावें लागत नाहीं; वाचणाऱ्याचा श्वासच तें सांगतो. मध्येंच फॉस्टस एक लॅटिन ओळ उच्चारितो, रात्रीच्या घोड्यांनो हळू चाला अशा अर्थाची. ती ओव्हिडच्या प्रेमकवितेंतली. तेथें प्रियकर रात्र सरूं नये म्हणून ती म्हणतो. मार्लोनें ह्या कविता स्वतः इंग्रजींत आणिल्या होत्या. विद्येनें भरलेल्या डोक्याला मरणाच्या वेळीं आठवावें तें हें, आणि ओठांवर अखेरचें वचन यावें तें पुस्तकें जाळून टाकण्याचें.

बारानंतर दोन्ही प्रती पुनः वेगळ्या होतात. आखूड प्रतींत सैतानाचे दूत त्यास नेतात आणि लगेच सूत्रधार येऊन नाटक संपवितो. लांब प्रतींत पहांट झाल्यावर फॉस्टसचे विद्यार्थी येतात. रात्रीं त्यांनीं किंकाळ्या ऐकिल्या होत्या. गुरूचें छिन्नविच्छिन्न शरीर ते गोळा करितात, आणि असा अंत झाला तरी त्याच्या विद्येचा मान म्हणून सर्वांनीं काळे कपडे घालून त्याच्या दफनास जावें असें ठरवितात. हा प्रवेश मार्लोचा नसावा असें पुष्कळांचें म्हणणें आहे. आम्ही तो प्रतिवर्षीं वाचून दाखवितों.