डॅशबोर्डचा मीटर मधूनमधून बंद का पडतो?

जुन्या गाडीतला इलेक्ट्रॉनिक मीटर चालता चालता विझतो आणि डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा उजळतो. थापा मारून दिवस ढकलू नका. मीटर बंद असताना इंजिन तापलं तर कळणार कसं?

आधी फ्यूज आणि अर्थ वायर तपासा. दोन्ही ठीक असतील तर संशय मीटरमागच्या सर्किट बोर्डवर. थापेने फरक पडतो, म्हणजे कुठला तरी जोड सैल आहे. गाडी उन्हात तापते, रात्री गार होते. पिन, बोर्ड आणि सोल्डर यांचं प्रसरण सारखं नसतं. वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत सॉकेटच्या पिनांभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर पडते. भिंगाशिवाय ती सहसा दिसत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवूनच मीटर बाहेर काढा. चिरलेल्या जोडावर फ्लक्स लावा, जुनं सोल्डर वितळवून शोषून घ्या, नवं भरा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवलं तर बोर्डवरची तांब्याची पट्टीच सुटते, आणि ते निस्तरणं महाकठीण! शेजारच्या पिना सोल्डरने एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे भिंगातून पाहा आणि मगच मीटर बसवा.