धातुकारागिरी आणि दिल्लीचे समकालीन डिझाइनर

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. थंड अवस्थेत ठोकत राहिल्यास तो कठीण होऊन तडकतो; म्हणून कारागीर पत्रा वारंवार तापवून मऊ करतात व मागील बाजूने ठोकून नक्षीला उठाव देतात. दिल्लीतील विक्रम गोयल यांनी हे उठावकाम टेबले व भित्तिफलकांत आणले. गुंजन गुप्ता यांनी सायकलचे भाग वापरून आसने घडविली, तर गुरुग्रामस्थित सुबोध गुप्ता यांनी २००८ मध्ये स्टीलच्या भांड्यांतून ‘लाइन ऑफ कंट्रोल’ हे शिल्प उभारले.

या कौशल्याचे मूळ पारंपरिक वस्त्यांत आहे. पंजाबमधील जंडियाला गुरू येथील ठठेरांच्या कलेचा युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मात्र स्टील व प्लास्टिकमुळे पितळी भांड्यांची घरगुती मागणी घटली. डिझाइनर नवी बाजारपेठ मिळवून देतो. तथापि वस्तूवर नाव त्याचे असते, हातोडा चालविणारा बहुधा अनामिकच राहतो. मठारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या पुण्याच्या तांबट आळीपुढेही हाच प्रश्न आहे. श्रेय व मोबदला यांची न्याय्य वाटणी झाली, तरच पुढील पिढी हातोडा हाती घेईल.