नाण्याबाहेर राहिलेली अक्षरे

काही वर्षांपूर्वी लोधीखेड्याच्या माझ्या दवाखान्यात एक आजी चांदीचे चार जुने रुपये घेऊन आल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते मोडावयाचे होते. "माळेत सात होते जी, डॉक्टरसाहेब; तीन तं मागंच मोडले," त्या म्हणाल्या.

नाण्यांचा अभ्यास हा माझा जुना छंद. तपासणीचा क्रम रुग्णतपासणीसारखाच असतो: आधी दर्शन, मग स्पर्श, मग वजन. हातोड्याने पाडलेल्या नाण्याची जाडी असमान असते व कडा साधी. कंपनी सरकारचा १८३५ चा यंत्रावरील रुपया मात्र रेखीव गोल असून त्याच्या कडेस दाते असतात. शेरशाहाच्या काळापासून रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅम. माळेची कडी असल्यास तिचे वजन वजा करावे. कडेवर सांध्याची रेघ वा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसल्यास नाणे ओतीव, बहुधा बनावट समजावे.

टांकसाळीत खालचा ठसा पक्का बसवून त्यावर चांदीची चकती ठेवीत आणि वरच्या ठशावर घण मारीत. ठसा चकतीहून मोठा असल्याने काही अक्षरे नाण्याबाहेर राहत. म्हणून एका नाण्यावर पूर्ण मजकूर क्वचितच मिळतो. सारखी नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो.

आजींच्या चार नाण्यांवरून 'अहमदशाह बहादुर' हे फारसी नाव जुळले. हा दिल्लीचा बादशहा १७५४ मध्ये पदच्युत झाला. तरी नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांवर त्याचे नाव पुढेही चालू राहिले. राज्यारोहणापासूनच्या वर्षाचा आकडा मात्र चारांपैकी एकावरही उतरला नव्हता. मोडलेल्या तिहींवर तो असेलही. आता ते कळणे नाही.

शस्त्रक्रिया शासकीय शिबिरात विनाशुल्क झाली आणि चार रुपये घरातच राहिले.

व्यवसायबंधूंनो, रुग्ण असे नाणे दाखवितात तेव्हा ते चिंच वा आम्लाने घासू देऊ नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे व वजन नोंदवा. एकत्र सापडलेली नाणी एकत्रच ठेवण्यास सांगा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी मुलांकडे पाठविण्यास १९७२ च्या कायद्याची मनाई आहे.

मोड देताना सराफ चांदीचे वजन करतो. अक्षरांचे वजन आपणच करावयाचे असते.