आजचे वचन : इब्री 6:19 – पप्पांच्या दगडावर काय कोरायचं?



आज वचनाआधी घरातली गोष्ट सांगते. पप्पांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. कबरीवर दगड बसवायचाय आणि त्यावर काय कोरायचं यावरून आमच्या घरात गेले तीन रविवार वाद चाललाय. आईला साधा क्रूस हवा. भावाला पप्पांचा फोटो हवा. आणि मी म्हटलं, नांगर कोरूया. म्हणजे शेतातला नाही, बोटीचा. पप्पांनी तीस वर्षं मासेमारी केली. आई एकदम चिडली. "कबरीवर बोटीचं सामान? लोक काय म्हणतील?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून इब्री लोकांस पत्राचा 6 वा अध्याय घेऊन बसले. 19 व्या वचनात लेखक म्हणतो की आपली आशा जिवाच्या नांगरासारखी आहे, पक्की आणि न हलणारी. मग शोधत गेले आणि कळलं की माझी कल्पना काही नवीन नाही, ती जवळजवळ 1800 वर्षं जुनी आहे!

रोम शहरात जमिनीखाली ख्रिस्ती लोकांच्या दफनाची मोठमोठी भुयारं आहेत, त्यांना कॅटाकोंब म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ना, की ख्रिस्ती लोक तिथे लपून राहायचे आणि ही चिन्हं म्हणजे त्यांची गुप्त भाषा होती? ते फारसं खरं नाही. ती मुळात दफनाची जागा होती. आपल्या माणसाला निरोप देणाऱ्या कुटुंबांनी तिथल्या दगडांवर काहीतरी कोरलं, आणि साध्या क्रूसाच्या कितीतरी आधी त्यांनी कोरला तो नांगर. व्हिया सालारिया रस्त्यावरच्या प्रिस्किल्लाच्या कॅटाकोंबमध्ये असे नांगर खूप आहेत.

क्रूस का नाही? कारण तेव्हा क्रूस म्हणजे फाशीचा खांब. गुलाम आणि बंडखोरांना लोक डोळ्यांदेखत त्यावर मरताना बघत होते. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर खरडलेलं एक चित्र 1857 मध्ये सापडलं. त्यात क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे आणि शेजारी हात वर केलेला एक मुलगा. खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय. कोणीतरी त्याची टर उडवली होती. (ट्रोलिंग तेव्हाही होतंच!) ख्रिस्ताला क्रूसावर उघडपणे दाखवणारी चर्चमधली चित्रं बरीच उशिरा आली. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावरचं कोरीवकाम त्यातलं फार जुनं, आणि तेही पाचव्या शतकातलं.

मला सगळ्यात जास्त भिडला तो लिसिनिया आमियास नावाच्या बाईचा दगड. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, व्हॅटिकनजवळ सापडलेला, आता रोमच्या संग्रहालयात आहे. त्यावर मध्ये नांगर, दोन्ही बाजूंना एकेक मासा, आणि वर ग्रीकमध्ये लिहिलंय 'जिवंतांचा मासा'. ग्रीकमध्ये मासा म्हणजे 'इख्थूस', आणि त्या शब्दाच्या अक्षरांवरून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' असा अर्थ निघतो. गंमत म्हणजे त्याच दगडावर जुन्या रोमन रिवाजाची, मृतांच्या देवतांना अर्पण असल्याची अक्षरंही आहेत. त्यांच्याही घरात वाद झाला असेल का? आम्ही एकटे नाही, असं वाटून बरं वाटलं.

अर्थात नांगर दिसला की ख्रिस्ती, असंही नाही. ख्रिस्ताच्या आधी सिल्युकस घराण्याच्या नाण्यांवर नांगर असायचाच. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती लोकांना अंगठीवर कोणती चित्रं चालतील ते सांगितलं, त्यात कबुतर, मासा, जहाज यांच्याबरोबर नांगर आहे. म्हणजे बाजारात होतं तेच चिन्ह घेतलं आणि त्यात आपली आशा भरली.

आता पप्पांचं एक बोलणं आठवतं. लहानपणी मी विचारलं होतं, नांगराला वर तो आडवा दांडा कशाला? ते म्हणाले, तो नसेल तर नांगर तळाशी नुसता आडवा पडतो, घसरत जातो. आडव्या दांड्यामुळे तो वळतो आणि त्याचं टोक चिखलात रुततं. हा आडवा दांडा आणि उभा दांडा मिळून काय आकार होतो, ते बघा. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनला तर जहाजाच्या डोलकाठीत आणि शेतकऱ्याच्या नांगरातही क्रूस दिसला होता. मराठीत दोन्हींना आपण नांगरच म्हणतो, हे त्याला कुठे माहीत असणार!

आणि वचन नीट वाचलंत तर एक विचित्र गोष्ट दिसेल. बोटीचा नांगर खाली जातो, तळ दिसत नाही तिथे. इब्रीमधला नांगर पडद्याच्या आत जातो, जिथे येशू आपल्यापुढे गेलाय. म्हणजे तोही दिसत नाही. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठ दिवसांत मला काहीच दिसत नव्हतं. मी प्रार्थना करत होते, पण खरं सांगते, विश्वासाने नाही, सवयीने. तरी काहीतरी ताणून धरलेलं होतं. माझ्या हातात फक्त दोर होता.

काल रात्री कागदावर चित्र काढून आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात क्रूस आहेच की." आणि थोड्या वेळाने, "दोर पण काढ. पप्पा दोर नेहमी स्वतः बांधायचे."

भाऊ अजून फोटोवर अडून आहे. शनिवारी कारागिराला चित्र द्यायचंय, आमच्यासाठी प्रार्थना करा. उद्या 7 वा अध्याय, मलकीसदेक.