सैतान : देवाच्या दरबारातला की देवाविरुद्ध उठलेला?

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण दरवर्षी अरण्यातील येशूच्या मोहाचे शुभवर्तमान ऐकतो. सैतान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिंगे, शेपटी आणि आगीचा डोंब उभा राहतो. ज्या यहुदी समाजात प्रभू येशू लहानाचा मोठा झाला, त्यांच्या धर्मग्रंथात मात्र हे चित्र नाही.

हिब्रू भाषेत 'सातान' म्हणजे विरोधक, आडवा येणारा. मुळात ते कुणाचे नाव नव्हे. गणना २२:२२ मध्ये बलामाची वाट अडवणारा 'सातान' हा खुद्द परमेश्वराचा दूत आहे! ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात सरकारी वकिलासारखा हजर असतो आणि देवाने जेवढी मुभा दिली तेवढेच करतो. एदेन बागेतल्या सर्पालाही उत्पत्तीच्या पुस्तकात कोठे सैतान म्हटलेले नाही.

मग मोह येतो कुठून? यहुदी गुरूंचे उत्तर असे की देवाने माणसाच्या मनात दोन प्रवृत्ती ठेवल्या, एक चांगली व एक वाईट. वाईट प्रवृत्तीला ते 'येत्झर हारा' म्हणतात. तिसऱ्या शतकातील रेश लाकिश यांच्या मते सैतान, ही दुष्ट प्रवृत्ती आणि मृत्युदूत हे तिन्ही एकच. तालमूदमध्ये एक मजेशीर कथा आहे. लोकांनी या प्रवृत्तीला पकडून तीन दिवस कोंडून ठेवले, तर साऱ्या इस्राएल देशात औषधालासुद्धा ताजे अंडे मिळेना! तिच्यावाचून माणूस घर बांधणार नाही, लग्न करणार नाही, व्यापार करणार नाही, असेही ते गुरू म्हणत. म्हणून तिला मारायचे नाही, लगाम घालायचा. त्यासाठीच देवाने नियमशास्त्र दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे. (सर्वच यहुदी असे मानत आले असे नाही. येशूच्या आधीच्या काही यहुदी लिखाणांत पतित देवदूतांच्या कथा आहेत.)

आपली ख्रिस्तसभा वेगळे शिकवते. प्रकटीकरण १२:९ मध्ये तो जुनाट साप म्हणजेच सैतान, असे स्पष्ट म्हटले आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने सांगितले की देवाने दुरात्म्यांना चांगलेच निर्माण केले होते, ते आपल्या करणीने दुष्ट झाले. म्हणजे आपल्या दृष्टीने तो देवाचा कामगार नव्हे, बंडखोर आहे. पण तो देवाच्या तोडीचा नाही, निर्मिलेला जीव आहे. हे आपण विसरतो आणि त्याला नको इतका मोठा करून ठेवतो.

त्यातून एक पळवाट निघते. जमिनीच्या तुकड्यासाठी सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला धरायचा आणि मग 'सैतानाने बुद्धी फिरवली' म्हणून मोकळे व्हायचे. याकोब १:१४ ही पळवाट बंद करतो. माणसाला ओढून नेते ती त्याची स्वतःचीच वासना, असे तो लिहितो. येथे तो त्या यहुदी गुरूंच्या किती जवळ आहे! आणि मोह होणे म्हणजे पाप नव्हे, त्याला होकार देणे हे पाप, असे आपला श्रद्धाग्रंथही सांगतो.

याहून मोठी चूक म्हणजे योहान ८:४४ चा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके यहुदी लोकांनाच सैतानाची संतती म्हटले आणि त्यांचा छळ केला. यहुदी लोकांना देवाने टाकलेले वा शापित मानू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला २८ ऑक्टोबर १९६५ रोजी लिहून द्यावे लागले.

अरण्यात येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातील, म्हणजे यहुदी नियमशास्त्रातीलच आहेत. आजही यहुदी भाविक सकाळच्या प्रार्थनेत देवाला विनवतात की आम्हाला पापाच्या वा मोहाच्या हाती देऊ नकोस. आपणही मिस्सामध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना जवळजवळ तेच मागतो.