राजीनाम्यावर सही करू नकोस

चि. मेघना हिस,


"आत्ता राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत घेऊ," असं साहेब म्हणाले, हे तुझ्याकडून ऐकल्यापासून जिवाला चैन नाही. कितीही गोड बोलले तरी सही करू नकोस. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे; पण आपण होऊन दिलेल्या राजीनाम्यानंतर भांडणं फार अवघड होऊन बसतं.

कंत्राट मार्चमध्ये संपतं म्हणून रजा नाही, हेही खोटं. एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ संपत नाही. अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलं की पहिल्या बाळासाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. त्यातली 8 आठवड्यांपर्यंतची रजा तारखेआधी घेता येते.

आता तुझ्या सुजलेल्या पायांचं. तारखेच्या साधारण 10 आठवडे आधीपासून तास न् तास उभं राहण्याचं काम तुला देता येत नाही, आणि बसून काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. मात्र हे तू मागितलंस तरच. न मागणाऱ्या बायका नवव्या महिन्यापर्यंत टेबलापाशी उभ्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून आजच अर्ज लिही. अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, तोवर बसून करायचं काम हवं, रजेत दुसरीकडे नोकरी करणार नाही, पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढं सगळं त्यात हवं. डॉक्टरांचा दाखला जोड. दोन प्रती काढ आणि तुझ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय हलू नकोस. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. तरीही टाळाटाळ झाली तर सरळ कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. पाळणाघराचं रजेनंतर बघू.

मागायला संकोच वाटतो म्हणालीस. अगं, डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या या हक्काची बाजू मांडली, 1929 मध्ये इथे कायदाही झाला. ही कोणाची मेहेरबानी नाही.

अर्जाचा कच्चा मसुदा रात्रीपर्यंत मला व्हॉट्सॲपवर पाठव, मी तारखा तपासून देते.

तुझी,
मावशी